नव्या तांदळात पुरलेला फोन

मी माझा नवा कोरा फोन नव्या तांदळाच्या पोत्यात पुरला.

ह्या वाक्यात चूक कुठे आहे हे ज्याला लगेच कळलं तो धानाच्या मुलखातला. ज्याला कळलं नाही तो माझ्यासारखा, कापसाच्या गावचा. भिजलेला फोन तांदळात ठेवला की तांदूळ पाणी ओढून घेतो, एवढं मी ऐकून होतो. ते सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण तांदूळ कोणता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याने सांगितलं असतं नेमका त्याच माणसापासून मला तो फोन लपवायचा होता.

तो माणूस म्हणजे फुलचूरचे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना बाबूजी म्हणायची. आयुष्यभर त्यांनी गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये माल पारखायचं काम केलं. गाडी आली की पोत्यात परखी खुपसायची (परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी, पोतं न उघडता आतले मूठभर दाणे बाहेर काढणारी), ते दाणे तळहातावर पसरायचे, चोळायचे, हुंगायचे, एक दाणा दाताखाली घ्यायचा आणि निकाल द्यायचा. दाणा कट् वाजला तर माल सुका, नुसता दबला तर ओला. त्या मूठभर दाण्यांना म्हणायचं बानगी. मिल सोडताना बाबूजींनी आणखी काही मागितलं नाही, ती परखी तेवढी मागून घेतली. ती घरात दारामागे खुंटीला टांगलेली असायची, आणि घरात येणारं कोणतंही पोतं, मग ते गव्हाचं असो की शेणखताचं, तिच्या तावडीतून सुटत नसे.

त्यांचं एक तत्त्व होतं. "एका मालावरून काई समजत नाई," ते म्हणायचे. "बाजूले दुसरा ठेवा, मंग सांगतो." म्हणून त्या घरात सगळं दोन-दोन यायचं. दोन दुकानांतून दोन झाडू. ताप आला तर दोन डॉक्टर, आणि दोघांची औषधं समोर मांडून तिसरा विचार. एकदा दाढीचा एक गाल नाक्यावरच्या न्हाव्याकडे आणि दुसरा गाल त्याच्या समोरच्याकडे करून आले होते असं समोरच्या खोलीतला कटरे सांगतो. मी ते पाहिलेलं नाही, पण नाक्यावरचे दोन्ही न्हावी बाबूजींना पाहून आत जायचे, हे मी पाहिलं आहे.

त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "एक पुरते. दोन डोळ्यांनी माणूस दोन मतं करते." सगळ्या जगाला दोन-दोन पारखणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत एवढा समाधानी कसा, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी मला दोन उत्तरं दिली असती.

हा कटरे माझा शेजारी. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत मी, समोरच्या दुसरीत तो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. तो पाटबंधारे खात्यात होता, तिरोड्याकडचा, आणि दिवसाला मोजून वीसेक शब्द बोलायचा. खोली पाहायला मी गेलो त्या दिवशी तोही आला होता. बाबूजींनी आम्हां दोघांना एकाच बाकावर बसवलं, एकसारखा चहा दिला आणि समोर बसून आम्हाला पीत असताना पाहत राहिले. मग म्हणाले, "दोघंही राहा."

"खोली एकच द्यायची होती ना?" माईंनी आतून विचारलं. माई म्हणजे त्यांच्या पत्नी.

"एका भाडेकरूवरून काई समजत नाई," बाबूजी म्हणाले.

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढची चार वर्षं त्या घरात कोणीतरी मला कटऱ्याच्या बाजूला ठेवून पाहत आहे, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. कटरे सकाळी बादली भरून ठेवायचा. मी भरलेली बादली शोधायचो.

कोहमाऱ्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. त्यांची एकुलती मुलगी पल्लवी. तिच्यासाठी अर्जुनीकडे एक स्थळ आलं होतं. बाबूजी आणि माई मुलगा पाहायला एसटीने निघाले. कोहमाऱ्याच्या चौकात बस थोडा वेळ थांबते. धाबे आणि चहाच्या टपऱ्या तिथे ओळीने. बाबूजी उतरले. एका टपरीवर अर्धा कप प्यायले, बाजूच्या टपरीवर अर्धा कप प्यायले, मग पहिल्याची चव नीट आठवेना म्हणून पुन्हा पहिल्या टपरीवर गेले. तेवढ्यात बस निघून गेली. माई खिडकीशीच बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि कंडक्टरला काही सांगितलं नाही.

"म्हटलं, बरं झालं," असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. "हे आले असते तं बाजूच्या गावात दुसरा पोरगा पाहाले चला म्हणले असते."

त्या एकट्या गेल्या, मुलगा पाहिला, पोहे खाल्ले, शब्द दिला. बाबूजी मागच्या बसने पोचले तेव्हा सोयरीक ठरून सुपारी वाटून झाली होती. जावई पुढे फार चांगला निघाला, आणि माईंच्या मते त्याचं कारण एकच: त्याच्या बाजूला दुसरा बसवून त्याला कोणी पाहिलं नाही.

"चहा कोणाचा चांगला होता?" मी एकदा बाबूजींना विचारलं.

"पयल्याचा रंग बरा. दुसऱ्याचा कडक होता." मग म्हणाले, "पुन्हा जावं लागंल."

आता फोन. बाबूजींकडे बटणांचा एक जुना फोन होता, त्याचं मागचं झाकण रबराने बांधलेलं. तीन वर्षं ते नवा फोन 'घेऊन राहिले होते'. म्हणजे अजून घेतला नव्हता. पेपरात फोनची जाहिरात आली की कापून ठेवायचे, दोन जाहिराती शेजारी लावायचे, आणि निकाल जवळ आला की पेपरात तिसऱ्याची जाहिरात यायची. फोनचं नवं मॉडेल त्यांना नव्या हंगामासारखं वाटायचं. "थांब," ते म्हणायचे, "नवीन माल येऊन राहिला."

दरम्यान पल्लवी लग्न होऊन मेलबर्नला गेली होती, आणि त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिला मुलगी झाली. फोटो माझ्या फोनवर यायचे. माई पदराला हात पुसत, चष्मा घेऊन जिना चढून वर यायच्या आणि एकेक फोटो दहादा पाहायच्या. बाबूजी आले नाहीत.

"तुह्या फोनची काच फुटली हाय," ते मला म्हणाले. ते खरंच होतं. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला. "नातीचं तोंड पयल्यांदा पाहीन तं अख्खं पाहीन. फुटक्या काचेतून नाई."

"मग कटऱ्यांच्या फोनवर पाहा."

"त्याचा तुह्याहून जुना हाय."

मुलगीही बापाचीच. ती म्हणाली, बाबांनी पाहिल्याशिवाय नाव ठेवणार नाही. मग ते लेकरू बिननावाचंच वाढू लागलं. तिकडे तिला सगळे 'बाई' म्हणायचे. इकडे माईंचा पारा रोज एक घर वर चढायचा. "पोरगी कॉलेजात जाईल तवा यांचा फोन येईल," त्या भांडी आपटत म्हणायच्या. शेवटी पल्लवीनेच डिसेंबरमधला एक रविवार ठरवला. सासूबाई मेलबर्नला आलेल्या होत्या, त्यांचं परतीचं विमान सोमवारचं होतं. बाळाची आत्या दुसऱ्या शहरातून खास येणार होती. रविवारी आपल्याकडे सकाळ असताना बारसं होणार, आजोबा पाहोत की न पाहोत. 'न पाहोत' म्हणताना तिचा आवाज बदलला, तो माझ्या फोनच्या स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकला. बाबूजींनीही ऐकला. ते अंगणात गेले आणि बराच वेळ परखी पुसत बसले.

नेमका त्याच सुमारास मी नवा फोन घेतला. बाळासाठी घेतला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे शाळेतल्या एका गणिताच्या मास्तरने घेतला होता म्हणून घेतला. पण घेतला तो अभ्यास करून. त्या वर्षातला एका कंपनीचा सगळ्यात वरचा फोन, आणि त्याची सवत म्हणता येईल असा दुसऱ्या कंपनीचा सगळ्यात वरचा फोन, ह्या दोघांची तुलना मी तीन आठवडे वाचत होतो, ऐकत होतो, पाहत होतो. कोणाचा कॅमेरा अंधारात चांगला, कोणाची बॅटरी तासभर जास्त, कोणाची कड हातात टोचते, हे मला तोंडपाठ होतं. मी निवडलेला जिंकतो, ह्याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

आठवड्याने कटऱ्याने दुसरा घेतला. तीच ती सवत.

"का घेतला हाच?" मी विचारलं.

"दुकानदारानं देला," तो म्हणाला.

माझे तीन आठवडे आणि त्याचे दोन शब्द. मला ते लागलं.

बाबूजी मात्र खूश झाले. त्यांना आयुष्यात प्रथमच दोन नवे माल एकाच छपराखाली मिळाले होते. "दोन्ही खाली आणा," त्यांनी फर्मान काढलं. "रविवारच्या आत निकाल लावतो. जो चांगला निंगंल, त्याच्यावर नातीले पाहीन, आन् तसाच माह्यासाठी घेईन."

तीन वर्षं रखडलेला खटला चार दिवसांत निकाली निघणार होता. माईंनी देवाला हात जोडले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे दोन्ही फोनच्या पाठीवरची कंपनीची खूण चिकटपट्टीने झाकली. "माल पाहाचा, मालक पाहाचा नाई." पट्टीवर पेनाने लिहिलं: माझा एक नंबर, कटऱ्याचा दोन नंबर. भिंतीला पाटी टेकवली, मधोमध रेघ मारली. मग दोन्ही फोन दोन तळहातांवर घेऊन डोळे मिटले. हुंगले. मनगटाच्या मागच्या बाजूला लावून पाहिले. एक नंबर त्यांनी हळूच समोरच्या दातावर वाजवला तेव्हा मी खुर्चीवरून अर्धा उठलो.

"बस खाली," ते म्हणाले. "खाऊन नाई राहिलो."

दुसरी परीक्षा फोटोची. त्यांनी मूठभर तांदूळ कागदावर पसरला. त्यात किती कणी, किती अख्खे दाणे, किती पिवळे पडलेले हे त्यांना आधीच ठाऊक होतं. दोन्ही फोनवर फोटो काढले. माझ्या फोनवर तांदूळ असा चमकला की मोत्यांचं दुकान वाटावं. मी विजयाने कटऱ्याकडे पाहिलं.

बाबूजींनी चांगला डोळा जवळ नेला. "तुहा फोन खोटं बोलते, मास्तर."

"खोटं कसं? बघा किती स्वच्छ आलाय."

"तेच सांगून राहिलो. ह्या तांदळाले मी वळखतो. हा एवढा गोरा नाई. याच्यात चार दाणे पिवळे होते, तुह्या फोननं त्यायले पावडर लावली."

कटऱ्याच्या फोनवर सगळेच दाणे हळद लागल्यासारखे पिवळे आले होते. "हा बी खोटाच," बाबूजी म्हणाले. "एक गोरं खोटं, एक पिवळं खोटं." पाटीवर दोघांना शून्य.

मी तीन आठवडे वाचलेल्या एकाही तुलनेत हे कुणी एवढ्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही.

मग बॅटरी. दोन्ही फोन पूर्ण भरून देवळीत ठेवले आणि कोणता आधी मरतो ते पाहायला बाबूजी समोर खाट टाकून बसले. त्या दीड दिवसात आम्हां दोघांना आमच्याच फोनला हात लावायची मनाई होती. मुख्याध्यापकांचे सहा फोन येऊन गेले, प्रत्येक वाजत्या फोनकडे पाहून बाबूजी म्हणायचे, "वाजू दे, कस लागते." दोघे पाच-सहा मिनिटांच्या फरकाने मेले. पाटीवर पुन्हा बरोबरी.

आणि एक परीक्षा अशी झाली जी ठरलेली नव्हती. फोन बोटाने कसा उघडतो ते मी दाखवत होतो. बाबूजींना म्हटलं, तुमचाही अंगठा घालून देतो. फोनने अंगठा घ्यायला नकार दिला. दहादा लावला. पुसून लावला. कटऱ्याचा फोनही घेईना. मग मी त्यांचा अंगठा हातात धरून उजेडात पाहिला, तर त्यावर रेघच नव्हती. सगळं आयुष्य तांदूळ चोळून अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता.

बाबूजींनी अंगठा परत घेतला, स्वतः पाहिला. "म्हंजे दोघंही खरं बोलतात," ते म्हणाले आणि पाटीवर दोघांनाही एक-एक रेघ दिली.

शनिवारी दुपारपर्यंत अशी बरोबरी. "उद्या सकाळी चिठ्ठी टाकू," बाबूजी म्हणाले.

चिठ्ठी. मी तीन आठवडे अभ्यास केला होता, आणि ज्याला स्वतःच्या फोनचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं त्याच्याशी माझा निकाल चिठ्ठीने लागणार होता.

"बाबूजी," मी म्हणालो, "माझा फोन पाण्यात बुडवला तरी चालतो."

"माहा बी चालते," कटरे म्हणाला.

"मग टाक बादलीत. दोघंही टाकू."

कटऱ्याने नळाखालच्या बादलीकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. "कायले?" तो म्हणाला.

हा एक शब्द मी त्याची हार समजलो. बाही वर केली आणि फोन बादलीत धरला. बाबूजींनी मापाड्यासारखं मोजायला सुरुवात केली. एक म्हणायचं नसतं म्हणून 'लाभ' म्हणाले, मग दोन, तीन, करत साठापर्यंत गेले. फोन बाहेर काढला. पुसला. चालू. बाबूजींनी पाटीवर एक नंबरच्या खाली जास्तीची रेघ ओढली आणि माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चला, एकदाचा निकाल लागला."

खोलीत येऊन पाहतो तर सिमचा कप्पा नखभर बाहेर. सकाळीच, उद्याच्या बारशाला नेट कमी पडू नये म्हणून, मी त्यात दुसरं सिम घातलं होतं. तो कप्पा माईंच्या कानातल्याच्या काडीने उघडला होता, आणि बंद करताना 'खट्' आवाज आला नाही ह्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पाणी आत जाईल अशी फट कंपनीने ठेवली नव्हती. मी ठेवली होती. अर्ध्या तासात पडद्यावर हिरव्या रेघा आल्या, मग जांभळ्या, मग काहीच नाही.

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण मी नुकताच जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला लगेच जिना उतरून हरायला फार जड जातं. मी जिना उतरलो, पण जिन्याखालच्या कोठीत गेलो. तिथे दोन पोती होती. एक कोपऱ्यात, तोंड बांधलेलं, धुळीने माखलेलं. दुसरं दाराशी, तोंड उघडं, आत पांढराशुभ्र तांदूळ, आणि वास असा की तिथेच जेवायला बसावं. मी विज्ञानाचा मास्तर; मी विचार करून स्वच्छ पोतं निवडलं. कोपरापर्यंत हात घालून फोन खोल पुरला आणि वरचे दाणे सारखे केले.

त्या संध्याकाळी जेवताना बाबूजी म्हणाले, "फोन आण ना खाली, पल्लवीले सांगून देऊ का एक नंबर जितला."

"चार्जिंगला लावलाय."

"अजून?" माई म्हणाल्या.

कटऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वरणात भात कालवला.

सकाळी उठून कोठीत गेलो तर दाराशी पोतं नव्हतं.

ते अंगणात होतं. सतरंजी अंथरलेली, शेजारच्या सात-आठ बाया बसलेल्या, माई न्हाऊन नवी साडी नेसलेल्या, आणि मधोमध ते पोतं. तो माईंच्या भावाने खास बारशाच्या खिरीसाठी पाठवलेला चिन्नोर तांदूळ होता, नुकत्याच कापलेल्या धानाचा. आणि त्या पोत्यासमोर बाबूजी उभे होते, हातात परखी. बानगी काढल्याशिवाय तांदूळ चुलीवर जात नसे. मेहुण्याने पाठवलेला तर नाहीच नाही.

"बाबूजी, थांबा," मी म्हणालो.

"काऊन?"

"मी बघतो."

"तू काय पाहतं?" म्हणाले आणि परखी खुपसली.

टक्.

बाबूजी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक मोठं समाधान पसरलं. "साळ्यानं गोटा टाकला," ते बायांकडे वळून म्हणाले. "लग्न झाल्यापासून सांगून राहिलो. कोणी आयकत नाई."

माईंचा चेहरा उतरला. सगळ्या बायांसमोर माहेरची अब्रू पोत्यात उभी होती. "माहा भाऊ असा नाई," त्या हळूच म्हणाल्या.

बाबूजींनी जरा बाजूला दुसऱ्यांदा खुपसली. टक्. "दोन गोटे," ते म्हणाले.

"माई, तो गोटा नाही," मी म्हणालो. "तो माझा फोन आहे."

बाबूजींनी परखी बाजूला ठेवली, बाही सारली, हात घातला आणि फोन बाहेर काढला. पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर 'एक नंबर', काचेवर परखीचे दोन टवके, सगळ्या भोकांत तांदळाचे दाणे. त्यांनी तो हुंगला. मग पोत्यातला एक दाणा घेऊन दाताखाली धरला. दाणा वाजला नाही.

"पाण्यानं मेला?"

"हो."

"काल?"

"हो."

"आन् ह्या पोत्यात कायले ठेवला?"

"तांदूळ पाणी ओढतो ना."

"जुना ओढते. हा पंधरा दिवसांचा हाय. याले स्वतःलेच सर्दी हाय." त्यांनी कोठीकडे बोट केलं. "कोपऱ्यात जुनं पोतं होतं, हाडासारखं सुकं. दिसलं नाई?"

"धूळ होती त्यावर."

"विज्ञान शिकवतं ना तू?"

मी मान हलवली. बायांपैकी एकीला हसू आवरेना; तिने पदर तोंडाला लावला. माईंना मात्र हसू नव्हतं. साडेसात होऊन गेले होते. "पल्लवी सरांच्या फोनवर करत असंल," त्या म्हणाल्या. "तिकडं सगळे खोळंबले असतील." त्यांनी बाबूजींकडे पाहिलं. "आज नाई पाहिलं तं पाहून घ्या मंग मायलेकींचं तोंड."

बाबूजींनी माझ्या फोनचं बटण दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. पडदा काळाच राहिला.

कटरे पायरीवर बसला होता. तो उठला, खिशातून आपला फोन काढला, शर्टाला काच पुसली, माईंच्या वहीतला नंबर पाहून लावला आणि दोन्ही हातांनी बाबूजींसमोर धरला. त्याने एक शब्दही खर्चला नाही.

"किती वेळची करून राहिले मी सरांना," पल्लवी आली तीच बोलत. "लागतच नाही. इथे सगळे थांबलेत, आत्या सारखी घड्याळ पाहतेय. सरांचा फोन कुठे आहे?"

"तांदळात," माई म्हणाल्या.

"कशात?"

"मंग सांगीन. पोरीले आण."

बाबूजींनी फोन घेतला आणि चांगला डोळा काचेला लावल्यासारखा जवळ नेला.

"बाबा, थोडं दूर धरा. इकडे मोठ्या पडद्यावर नुसता तुमचा डोळा दिसतोय."

"मले ते दिसून राहिली. तू कायले मले पाहतं?"

पल्लवीने मूल जवळ आणलं. चार वर्षं मी ह्या माणसाला बानगी पाहताना पाहत होतो. पाच-सात श्वासांत निकाल लागायचा. ह्या वेळी लागेना. "कपाळ दाखव," ते म्हणाले. मग, "कान." मग, "मूठ उघड तिची." पल्लवीने मूठ उघडली. ती लगेच मिटली. पुन्हा उघडली.

"कशी हाय?" माईंनी विचारलं.

"कशी सांगू?" बाबूजी म्हणाले. "बाजूले ठेवाले दुसरी नाई."

मग त्यांनी डोळा पुसला. चांगला नव्हे, मोतीबिंदूचा. त्या डोळ्याला पाणी येतच असतं, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

तिकडे आत्याने कानात नाव सांगितलं. 'ओवी' म्हणून सगळे ओरडले, इकडे बायांनी टाळ्या वाजवल्या. खीर जुन्या पोत्यातल्या तांदळाची झाली. तोवर कटऱ्याचा फोन बाबूजींच्याच हातात होता आणि तिकडचे पाहुणे पडद्यासमोर गोळा होऊन आजोबांना पाहत होते. पल्लवीला तीन वर्षांच्या खटल्याची आठवण झाली.

"बाबा, मग तुमचं ठरलं का? कोणता फोन चांगला?"

बाबूजींनी पाटीकडे पाहिलं. एक नंबरची ती जास्तीची रेघ अजून तशीच होती. मी वाट पाहत उभा होतो. खोटं कशाला सांगू, त्या रेघेवर माझी अजून थोडी आशा होती. त्यांनी एका तळहातावर कटऱ्याचा फोन घेतला, दुसऱ्यावर माझा, दाणे अडकलेला. दोन्ही वर-खाली केले. बाबूजींनी आधी कटऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा कटऱ्याकडे.

"फोन दोन्ही बरे हायेत," ते म्हणाले. "फरक भाडेकरूत हाय."